फाळके, कोल्हटकर आणि चाहत्याचे कर्तव्य

हिवाळ्याच्या दिवसांत सकाळच्या प्रहरी वसईच्या किल्ल्यात फिरावयास जावे, तो चित्रणासाठी आलेली मंडळी, त्यांचे दिवे, तारा, खुर्च्या आणि भोवती जमलेला बघ्यांचा मेळा दृष्टीस पडावा, हे आम्हां वसई-विरारच्या रहिवाशांच्या आता चांगलेच अंगवळणी पडले आहे. ज्या तटावर १७३९ साली चिमाजी आप्पांच्या सैन्याने चढाई केली, त्याच तटाखाली आज कधी प्रेमगीत, तर कधी लुटुपुटीची मारामारी चाललेली असते. गेल्या हिवाळ्यात असाच एक प्रसंग आम्ही पाहिला. नायकाचे काम करणाऱ्या नटाभोवती मुलामुलींचा गराडा पडला होता. प्रत्येकाच्या हाती मोबाईल, आणि प्रत्येकाला नटाबरोबर एक छायाचित्र हवे. त्याच वेळी थोड्या अंतरावर, एका ताडाखाली, एक मध्यम वयाचे गृहस्थ डोळ्यांवर हात धरून आकाशाकडे पाहात उभे होते. ढग सरकण्याची ते वाट पाहात होते. तेच ह्या चित्रपटाचे दिग्दर्शक, असे चहा वाटणाऱ्या मुलाने आम्हांस सांगितले. त्यांच्याजवळ कोणीही गेले नाही. आम्हीही गेलो नाही. आणि घरी परतताना मनाला प्रश्न पडला, की गेलो असतो तर त्यांच्याशी बोललो काय असतो?

हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. नटाची स्तुती करणे सोपे. त्याचे काम डोळ्यांपुढे घडते. कवीस पत्र लिहावे, तर त्याची ओळ आपल्या तोंडात असते. दिग्दर्शकाचे काम मात्र इतरांच्या कामात विरघळून गेलेले असते, आणि म्हणून त्याचा चाहता बहुधा मुका असतो. त्याने पत्र लिहिलेच, तर ते दोन जातींचे असते. पहिल्या जातीच्या पत्रात केवळ स्तुती असते, दुसऱ्या जातीच्या पत्रात आपणांस काम मिळावे अशी विनंती असते. तिसऱ्या जातीचे पत्र, ज्यात चाहता कलावंताला त्याच्या कलेविषयी जाब विचारतो, ते क्वचितच लिहिले जाते. अशा एका पत्राची आणि त्याच्या उत्तराची हकीकत मराठी चित्रपटाच्या इतिहासात नमूद आहे. बापू वाटवे यांनी लिहिलेल्या फाळके-चरित्रामुळे ती अनेकांस ठाऊक आहे. परंतु ती नेहमी एक मौजेची आख्यायिका म्हणून सांगितली जाते आणि तेथेच सोडून दिली जाते. आमच्या मते तिच्यात चाहत्याच्या सामर्थ्याचा आणि त्याच्या चुकीचा असा दुहेरी धडा आहे. त्याचाच येथे विचार करावयाचा आहे.

पत्र लिहिणारे होते 'संदेश'कार अच्युत बळवंत कोल्हटकर, आणि ज्यांना ते लिहिले गेले ते धुंडिराज गोविंद उर्फ दादासाहेब फाळके. फाळक्यांचा जन्म १८७० सालचा, त्र्यंबकेश्वरचा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात त्यांचे शिक्षण झाले. छायाचित्रण, छपाई, जादूचे प्रयोग असे नाना उद्योग करून झाले. आणि चाळिशीच्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील एक मूकपट त्यांच्या पाहण्यात आला. तो पाहात असताना आपल्या राम-कृष्णांच्या कथा अशाच पडद्यावर आणाव्या, ह्या विचाराने त्यांना पछाडले, आणि तोच चित्रपट दाखविण्यासाठी ते पुन्हा सरस्वतीबाईंना घेऊन गेले. आमच्या वसईच्या ख्रिस्ती गावांतून गुड फ्रायडेच्या दिवशी क्रूसाची वाट चालणारे भाविक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ह्या गोष्टीतील मर्म निराळे समजावून सांगावयास नको. परक्या धर्माची कथा भक्तिभावाने मांडलेली पाहून एका हिंदू गृहस्थाला आपल्या कथांची आठवण व्हावी आणि त्या आठवणीतून एका देशाची चित्रपटकला जन्मास यावी, हा योग काही लहान नव्हे. फाळके हे स्वतः प्रथम एक चाहतेच होते, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी वाचकांनी ध्यानात ठेवावी.

मात्र हा चाहता टाळ्या वाजवून घरी बसणारा नव्हता. चित्रपट पाहून पाहून त्यांनी डोळ्यांना इजा करून घेतली. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते १९१२ साली लंडनला गेले. तेथील 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे ते वाचक होते. तेवढ्या परिचयाच्या बळावर त्यांनी त्या पत्राच्या संपादकांची गाठ घेतली आणि त्यांच्या ओळखीने चित्रपट कसा तयार होतो हे प्रत्यक्ष पाहिले. परत आल्यावर कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ त्यांनी एकेक चित्र घेऊन टिपली, आणि ते रोप पडद्यावर भराभर वाढताना दाखवून भांडवल उभे केले. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. त्याची लांबी ३,७०० फूट होती आणि त्यात तारामतीचे काम साळुंके नावाच्या पुरुषाने केले होते. पुढे नाशिकास बस्तान हलल्यावर 'मोहिनी भस्मासुर', 'सत्यवान सावित्री', आणि १९१७ साली 'लंकादहन' हे चित्रपट निघाले.

ह्याच सुमारास फाळक्यांनी एक गोष्ट केली, जी आम्हांस त्यांच्या चित्रपटांइतकीच मोलाची वाटते. १९१७-१८ साली 'नवयुग' मासिकात त्यांनी 'भारतीय चित्रपट' ही लेखमाला लिहिली. लेखांच्या रूपाने आलेले ते एका दिग्दर्शकाचे आपल्या सर्व चाहत्यांना उद्देशून लिहिलेले पत्रच होय. हा नाद आपल्याला कसा लागला, पैसा कोठून आणला, माणसे कशी मिळविली, कोणत्या हालांतून गेलो, हे त्यांनी त्यात आडपडदा न ठेवता सांगितले. 'पडद्यावर जे पाहून तुम्ही रंगता, ते असे तयार होते. आता ते चालू ठेवावयाचे की नाही, हे तुम्हीही ठरवा,' असा त्या लेखनाचा एकंदर रोख आहे. आपल्याकडील कलावंतांना आपल्या कलेची कृती झाकून ठेवण्याची जुनी खोड आहे. गवई घराण्याची चीज लपवितो आणि वैद्य मात्रेचे प्रमाण सांगत नाही. फाळक्यांनी स्वयंपाकघराचे दार उघडून पाहुण्यांना चुलीपाशी नेले. प्रेक्षकाला पाहुणा न समजता घरचा समजणारा हा दिग्दर्शक होता.

आता मुख्य प्रसंगाकडे वळू. युद्धामुळे कच्ची फिल्म मिळणे कठीण झाले होते आणि पैशाची चणचण होती. १९१८ साली काही धनिक भागीदारांसह 'हिंदुस्थान फिल्म कंपनी' स्थापन झाली. 'श्रीकृष्णजन्म' आणि फाळक्यांच्या कन्या मंदाकिनी यांनी बाळकृष्णाचे काम केलेला 'कालियामर्दन' हे तिचे गाजलेले चित्रपट. परंतु पैसा घालणाऱ्यांना खर्चाचा आणि वेळेचा हिशेब हवा होता, आणि फाळक्यांना आपल्या कामात दुसऱ्याचा हात नको होता. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात काही तथ्य असते, तेव्हाच भांडण सर्वांत कडू होते. हेही तसेच झाले. फाळक्यांनी कंपनी सोडली, चित्रपटाचा नाद सोडला, आणि बायकामुलांसह ते काशीस जाऊन राहिले. तेथे त्यांनी 'रंगभूमी' नावाचे नाटक लिहावयास घेतले.

अशा वेळी कोल्हटकरांनी त्यांना पत्र पाठविले, की आपण परत यावे. फाळक्यांचे उत्तर थोडक्यात आणि निर्वाणीचे होते. चित्रपटाच्या धंद्यापुरता आपण मेलो आहोत आणि पुन्हा त्यात पडण्याची आपली इच्छा नाही, अशा अर्थाचे ते होते. कोल्हटकर हे वृत्तपत्राच्या धंद्यातील जादूगार. १९१५ साली निघालेल्या त्यांच्या 'संदेशा'ने मराठी बातमीला चटकदार मथळा आणि बोलकी भाषा दिली. त्यातील 'वत्सलावहिनींची पत्रे' लोक आवडीने वाचीत. पत्र म्हणजे काय आणि ते वाचणाऱ्यावर काय परिणाम करते, हे ह्या संपादकाइतके त्या काळी क्वचितच कोणी जाणत असेल. त्यांनी फाळक्यांचे उत्तर आपल्या पत्रात छापले, आणि वर फाळके मेले अशा अर्थाचा मथळा दिला. वाचकांत एकच हलकल्लोळ उडाला. फाळक्यांनी परत यावे अशी विनवणी करणारी पत्रे 'संदेशा'कडे आली. कोल्हटकरांनी तीही छापली, आणि ते सारे अंक काशीस रवाना केले. ती पत्रे वाचून फाळक्यांचा निश्चय ढळला आणि ते नाशिकास परतले.

हकीकत येथवर सांगून बहुतेक लेखक थांबतात. आम्हांस येथून पुढेच विचार करावासा वाटतो.

पहिला प्रश्न असा, की कोल्हटकरांनी केले ते योग्य होते काय? एका माणसाने विश्वासाने लिहिलेले उत्तर त्यांनी चव्हाट्यावर मांडले, आणि जिवंत माणसाच्या मरणाची आवई उठविणारा मथळा त्यावर चढविला. ज्या घरात काशीचे नाव निघाले की अखेरच्या यात्रेचीच आठवण व्हावी, त्या घरांतील बायकामाणसांनी तो मथळा वाचून क्षणभर काय अनुभवले असेल, ह्याची कल्पना करावी. सभ्यतेच्या दृष्टीने पाहता ही गोष्ट समर्थनीय नाही, असे आम्ही स्पष्ट म्हणतो. तथापि तिची दुसरी बाजूही आहे. फाळक्यांनी 'नवयुगा'त आपली कहाणी स्वतःच लोकांच्या स्वाधीन केली होती. जो मनुष्य आपल्या कलेच्या जन्माची हकीकत सर्वांना सांगतो, त्याने तिच्या मृत्यूची बातमी एकाच मित्राच्या कानात सांगून मोकळे व्हावे, हे न्यायाचे नव्हे. कोल्हटकरांनी पत्र छापले ते फाळक्यांना उघडे पाडण्यासाठी नव्हे, तर उत्तर देण्याचा अधिकार ज्यांचा होता त्या प्रेक्षकांच्या हाती ते देण्यासाठी, असे आम्ही समजतो. रीत चुकली; परंतु पत्त्यात चूक नव्हती.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. ह्या विनवणीने फाळके परत आले खरे. परंतु परत आले ते कोणत्या स्थितीत? काशीत लिहिलेले 'रंगभूमी' त्यांनी रंगमंचावर आणले, पण ते फारसे चालले नाही. मग १९२२ च्या सुमारास ते पुन्हा हिंदुस्थान फिल्म कंपनीत दाखल झाले. ज्या कंपनीत ते एकदा भागीदार होते, तिच्यात आता ते मासिक वेतनावर काम करू लागले. भांडण ज्या कारणाने झाले होते ते कारण जागच्या जागी होते. फक्त भांडणातील एका पक्षाचे बळ कमी झाले होते. त्यानंतर त्यांनी वर्षानुवर्षे कष्ट केले, अनेक चित्रपट काढले, तरी फाळके म्हटले की लोकांच्या तोंडी नावे येतात ती काशीला जाण्यापूर्वीच्या चित्रपटांचीच. दरम्यान कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांनी 'सिंहगड' आणि १९२५ साली 'सावकारी पाश' काढून मराठी चित्रपटाला इतिहासाकडे आणि शेतकऱ्याच्या दुःखाकडे वळविले. फाळक्यांचा 'सेतुबंधन' हा मूकपट पुरा झाला तो १९३२ साली, म्हणजे 'आलम आरा'ने पडद्याला वाचा दिल्यानंतर. 'गंगावतरण' हा त्यांचा बोलपट १९३७ सालचा. तोच त्यांचा अखेरचा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकास त्यांचे देहावसान झाले.

ह्यात चाहत्यांचा दोष तो काय, असे कोणी विचारील. त्यांनी प्रेमाने हाक मारली. कंपनीचे करारमदार ठरविणे हे काही त्यांचे काम नव्हे. हा आक्षेप वरकरणी बरोबर आहे. पण 'परत या' ह्या हाकेत एक न उच्चारलेला शब्द दडलेला असतो, आणि तो म्हणजे 'पूर्वीसारखे'. चाहत्याला कलावंत हवा असतो तो आपल्या आठवणीतला. 'लंकादहन' पाहताना ज्याचे डोळे भरून आले, त्याला पुन्हा तसेच डोळे भरून यावयास हवे असतात. कलावंताने नवी वाट काढावी, त्यासाठी त्याला उसंत मिळावी, त्याच्या कामावर त्याचा ताबा असावा, ह्या गोष्टी त्या हाकेत नसतात. एखाद्या सुगरणीला जेवणाऱ्यांनी पुन्हा स्वयंपाकघरात बोलवावे, पण चुलीत लाकडे आहेत की नाहीत हे कोणीच पाहू नये, तसे हे झाले. फाळक्यांनी 'नवयुगा'त आपल्या चुलीची सारी हकीकत सांगितली होती. चाहत्यांनी ती कौतुकाने वाचली. परंतु तिचा अर्थ आपल्यावरही काही जबाबदारी टाकतो, असे त्यांना वाटले नाही.

ह्या जबाबदारीचे आणखी एक अंग आहे, आणि ते आम्हांस सर्वांत अधिक बोचते. फाळक्यांच्या चित्रपटांपैकी आज उरले किती? 'राजा हरिश्चंद्रा'चा काही भाग, 'लंकादहना'चा लहानसा तुकडा, 'कालियामर्दना'चा पुष्कळसा भाग, आणि आणखी थोडेसे अवशेष. बाकीचे गेले. त्या काळची फिल्म भडकन पेट घेणारी आणि उष्णतेने व दमटपणाने कुजून जाणारी असे. शिवाय चित्रपटाचे खेळ संपले की त्याला मोल राहात नसे. १९६४ साली पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले आणि पी. के. नायर यांनी आयुष्य वेचून असे अवशेष गोळा केले, म्हणून आज बाळकृष्णाच्या वेषातील मंदाकिनी आपणांस पडद्यावर दिसते. पाण्यात उडी घेणारी ती मुलगी शंभर वर्षांनंतरही हसते, तेव्हा नायर यांच्या श्रमांचे मोल कळते. आमच्या मते नायर हे फाळक्यांचे सर्वांत थोर चाहते होत. विनवणीचे पत्र लिहिणाऱ्यांनी एका माणसाला काशीहून नाशिकास आणले. ह्या गृहस्थांनी त्याचे काम विस्मृतीतून परत आणले. परंतु तोवर फार उशीर झाला होता. ज्यांनी १९२० च्या सुमारास 'परत या' म्हणून लिहिले, त्यांच्यापैकी काहींनी जरी त्याच वेळी 'तुमच्या चित्रपटांच्या प्रती कोठे आहेत, त्या नीट ठेवल्या आहेत ना,' एवढे विचारले असते आणि त्याचा पाठपुरावा केला असता, तर आज आपली संपत्ती कदाचित अधिक असती.

आणि सरस्वतीबाई? रात्री अंधारात बसून कोऱ्या फिल्मच्या कडांना छिद्रे पाडणे, रसायने कालविणे, चित्रणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून प्रकाश वळविणे, आणि त्यावर सबंध मंडळीचे जेवण रांधणे, ही सारी कामे त्या माउलीने केली. नवऱ्याने परत यावयाचे म्हणजे तिनेही परत यावयाचे होते. अशा वेळी दिग्दर्शकास पत्र लिहिताना त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसांचीही चौकशी करावी, हा विचार आजच्या चाहत्यालाही सुचतो असे दिसत नाही.

ह्यावरून कोल्हटकरांचे महत्त्व कमी करण्याचा आमचा हेतू नाही. उलट त्यांनी केले तेवढे तरी आज कोण करतो? १९६९ पासून फाळक्यांच्या नावाने देशातील चित्रपटाचा सर्वोच्च सन्मान दिला जातो. तो योग्यच आहे. पण सन्मान हा बहुधा काम संपत आल्यावर येतो, आणि पत्र हे काम चालू असताना पोहोचते. कलावंत काशीस निघून गेला आहे हे वेळीच ध्यानात येणे, आणि ते लोकांना ओरडून सांगणे, ही चाहत्याची पहिली पायरी होय. ती कोल्हटकरांनी चढली आणि वाचकांनाही चढविली. दुसरी पायरी, म्हणजे तो का गेला हे विचारणे, आणि तिसरी, म्हणजे त्याने केलेले जतन करणे, ह्या दोन्ही मोकळ्याच राहिल्या. त्या पत्रव्यवहाराकडे आख्यायिका म्हणून न पाहता अपुरे राहिलेले काम म्हणून पाहिले, तरच त्यापासून काही शिकता येईल.

आमच्या भागात आता नायगावापासून पुढे चित्रणाच्या जागा पसरल्या आहेत. वसई-विरारच्या कित्येक घरांतील मुले सकाळची गाडी पकडून किंवा दुचाकीवरून अशा ठिकाणी कामास जातात. कोणी दिवे उचलतो, कोणी कपडे शिवतो, कोणी जोडकाम करतो. म्हणजे चित्रपटाची चूल आता आमच्या दारात आली आहे, आणि ती कशी पेटते हे आम्हांस ठाऊक नाही असे म्हणण्याची सोय उरलेली नाही. फाळक्यांना जे लेख लिहून सांगावे लागले, ते आमच्या घरी रात्री जेवताना मुलांच्या तोंडून ऐकू येते.

तेव्हा पुन्हा कधी किल्ल्यात चित्रण चालू असेल आणि ताडाखाली कोणी ढगाची वाट पाहात उभा असेल, तर आम्ही त्याच्याजवळ जाऊ. त्याचे कौतुक करू, कारण कौतुकावाचून कोणाचेच चालत नाही. मग त्याला विचारू, की हे काम आपल्या मनासारखे होत आहे ना. आणि झाल्यावर ते कोठे ठेवणार आहात? त्याला वेळ नसेल, तर घरी येऊन हेच दोन प्रश्न पत्रात लिहू आणि टपालात टाकू. उत्तर आले, तर ते त्याच्या परवानगीवाचून आम्ही छापणार नाही.